पहाडगंज : स्टेशन आधी आलं, लॉज मागून

पायवाट

झेलमने किंवा पंजाब मेलने नवी दिल्ली स्टेशनला उतरलेल्या मराठी माणसाला पहाडगंज कुठे हे सांगावं लागत नाही. पुलावरची गर्दी एक नंबरच्या फलाटाकडे ओढत नेते. बाहेर रिक्षावाल्यांचं कडं फोडायचं, चेम्सफर्ड रोड ओलांडायचा, की समोर मेन बझारचं तोंड. तिथून रामकृष्ण मिशनपर्यंतचा रस्ता, शिवाय उत्तरेकडचा आराकशां रोड, राम नगर, चूना मंडी. एवढ्याशा भागात मान वर केली की लॉजच्या पाट्याच पाट्या.

स्टेशन आलं की हॉटेलं येणारच, त्यात विशेष ते काय, असं वाटतं. पण तारखा लावून पाहिल्या की गोष्ट इतकी सरळ राहत नाही.

नवी दिल्ली स्टेशनला मंजुरी मिळाली १९२६ साली. ईस्ट इंडियन रेल्वेने अजमेरी गेट आणि पहाडगंज यांच्यामधे एक मजली इमारत आणि एकच फलाट बांधायचं ठरवलं. १९३१ साली नव्या राजधानीचं उद्घाटन झालं तेव्हा व्हाइसरॉय याच स्टेशनातून शहरात आले. मान मोठा, पण स्टेशन लहान. आणि पहाडगंज तेव्हा लॉजांचं नव्हतंच. मुघल काळापासून ती तटाबाहेरची धान्याची पेठ. साहेब लोक आणि संस्थानिक उतरायचे सिव्हिल लाइन्समधल्या मेडन्स हॉटेलात, पुढे क्वीन्सवेवरच्या (आजचा जनपथ) इंपीरियलमधे. साधा माणूस उतरायचा जुन्या दिल्लीच्या स्टेशनवर आणि पथारी टाकायचा फतेहपुरी-चांदनी चौकाकडच्या धर्मशाळेत.

मग पहाडगंजात लॉज आले कसे? माझं मत असं की रेल्वेने फक्त गिऱ्हाईक आणून सोडलं. लॉज उभे केले ते फाळणीने.

सप्टेंबर १९४७ मधे पहाडगंजात मोठी दंगल झाली. तिथला मुसलमान जीव मुठीत धरून पुराना किल्ला आणि हुमायूनच्या कबरीजवळच्या छावण्यांत गेला आणि बरेच जण तिथून पाकिस्तानात. त्यांच्या घरांत पश्चिम पंजाबातून आलेली निर्वासित कुटुंबं शिरली. १९४१ साली दिल्लीची लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या आत होती, १९५१ साली ती साडेसतरा लाखांच्या घरात गेली. यातून आलेल्या माणसाकडे शेत नाही, गिरणी नाही, ओळखपाळख नाही. आहे ते एक अरुंद घर, खाली रस्त्याकडे दुकान, वर दोन-तीन खोल्या, आणि चार पावलांवर स्टेशन. अशा माणसाने वरच्या खोल्यांत खाटा टाकल्या नसत्या तरच नवल.

१९५६ साली स्टेशनची नवी इमारत झाली आणि तिचं तोंड पहाडगंजकडे ठेवलं गेलं. त्यानंतर गाड्या वाढत गेल्या, फलाट वाढत सोळापर्यंत गेले, आणि खाटांच्या जागी खोल्या, खोल्यांच्या जागी मजले. साठच्या दशकाअखेरीपासून गोरे हिप्पी आले तो पुढचा अध्याय.

कुणी तिथे राहिलं असेल, काम केलं असेल, तर लिहा. 'पहाडगंज म्हणजे घाण' एवढंच लिहायचं असेल तर तेही लिहा, पण कारणासकट.

---

रूळजोड

मस्त विषय. रेल्वेच्या बाजूने थोडी भर.

स्टेशन याच जागी का, याची कथा इंडिया गेटपासून सुरू होते. आग्र्याहून येणारी लाइन पूर्वी आजच्या ल्युटेन्स दिल्लीच्या, म्हणजे ब्रिटिशांनी आखलेल्या नव्या राजधानीच्या, मधूनच जात होती. जिथे युद्धस्मारक (म्हणजेच इंडिया गेट) आणि किंग्जवे (आजचा कर्तव्य पथ) आखला होता, नेमकी तिथून. नवी राजधानी बांधायची तर रूळ उचलायलाच हवे होते. म्हणून लाइन यमुनेच्या बाजूने वळवली, ती १९२४ साली सुरू झाली. मिंटो ब्रिज, हार्डिंग ब्रिज हे या वळवण्यातूनच आलेले. पावसाळ्यात ज्याच्याखाली बस बुडाल्याची बातमी वर्षानुवर्षं येत आली, तोच मिंटो ब्रिज.

एक प्रस्ताव असाही होता की नवं स्टेशन कनॉट प्लेसच्या मधोमध, आज सेंट्रल पार्क आहे तिथे बांधावं. रेल्वेने ते अव्यवहार्य म्हणून नाकारलं. ते झालं असतं तर पहाडगंज कदाचित धान्याची पेठच राहिलं असतं आणि हा धागा निघाला नसता.

पण 'रेल्वेने फक्त गिऱ्हाईक आणून सोडलं' याला माझा आक्षेप आहे. निर्वासित करोल बागेत आले, लाजपत नगरात आले, पटेल नगरात आले. तिथे फाळणीने कपड्याचे बाजार केले, घरं केली. लॉजांची अशी गर्दी पहाडगंजातच का झाली? रूळ होते म्हणून.

---

पायवाट

@रूळजोड, आणि रूळ तर अजमेरी गेटच्या बाजूलाही आहेत. तिकडे का नाही झाली?

---

रूळजोड

इमारतीचं तोंड इकडे म्हणून. तिकीटखिडकी इकडे, टांग्याचा अड्डा इकडे. अजमेरी गेटची बाजू कित्येक वर्षं मागचं दार होती. तिकडे खरी सुधारणा झाली ती २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या आगेमागे.

---

सासर_दिल्ली

अजमेरी गेटच्या बाजूला निर्वासित आले नाहीत असं मात्र नाही हं. कमला मार्केट त्यांच्यासाठीच बांधलेलं. आज तिथे कूलरचा बाजार आहे. आणि श्रद्धानंद मार्ग, म्हणजे पूर्वीचा जी. बी. रोड. खाली हार्डवेअर आणि पंपांची दुकानं, वर बदनाम वस्ती, ती सगळ्यांना माहीत आहे. मुलाबाळांना घेऊन उतरायचं असेल तर कोण त्या बाजूला खोली बघणार? तेव्हा लॉजवाल्याला कुटुंबवत्सल गिऱ्हाईक हवं असेल तर पहाडगंजच.

मी लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा सासरचे लोक पहाडगंजच्या जवळच राहत. कोल्हापूरहून माहेरची माणसं आली की सासूबाई म्हणायच्या, घर लहान आहे, पण लॉजवर जाऊ देणार नाही. मग आम्ही सगळे जमिनीवर, पाहुणे पलंगावर. सासूबाईंना लॉजचा एवढा राग का, ते मला फार उशिरा कळलं. शेजारची एक बाई, मूळची मुलतानची, घराच्या पुढच्या दोन खोल्या प्रवाशांना द्यायची आणि स्वतः पाच माणसांनिशी स्वयंपाकघरात झोपायची. सासूबाईंना तिची दया यायची, आणि त्या बाईला ती दया मुळीच नको असायची. "तुम्हारे घर मेहमान आते हैं तो जेब से जाता है, मेरे घर आते हैं तो जेब में आता है" असं ती सासूबाईंना सुनवायची. पुढे तिच्या मुलांनी त्याच जागेवर चार मजले चढवले. पाटी अजून आहे.

पायवाट म्हणतात ते खाटांचं मला म्हणूनच पटतं.

अवांतर: पहाडगंजात नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. परीक्षेला, मुलाखतीला येणारी आपली मुलं तिथे उतरतात. तेव्हा पहाडगंज म्हणजे नुसती हॉटेलं असं समजू नये. आमचा गणपतीही तिथलाच.

---

बिनपाण्याचा_तलाव

धाग्याबद्दल धन्यवाद. सासर_दिल्ली ताईंचा प्रतिसाद विशेष आवडला. वाचनखूण साठवली.

---

अवघडराव

सगळ्यांचा उमाळा ओसरला असेल तर एक विचारतो. यात 'ऐतिहासिक' काय आहे? वारसा म्हणजे काहीतरी टिकलेलं हवं ना? सीएसएमटी दाखवा, मी मान तुकवतो. पहाडगंजात जुनं एक तरी दार शिल्लक आहे का? काचेच्या भिंती, निळे दिवे, जिन्यात एसीचं पाणी ठिबकतंय. दर दहा वर्षांनी दर्शनी भाग बदलतो. खोलीला खिडकी नाही, असली तर ती दुसऱ्याच्या मोरीत उघडते. आणि आपण इथे फाळणीच्या आठवणी काढतोय.

माझा अनुभव सांगायचा तर, एका लॉजवर आधी ठरवलेली खोली दिलीच नाही. "ती बुक झाली, ही घ्या," आणि भाडं दीडपट. रात्री अकरा वाजता सामान घेऊन भांडायची ताकद नसते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

---

चौकट

अवघडराव, तुम्ही ज्या खिडकीला नावं ठेवताय तिच्यातच इतिहास आहे. (मी वास्तुरचनेच्या क्षेत्रात आहे, तेव्हा थोडं लांबण लागणार. कंटाळा आला तर पुढे सरका.)

पहाडगंजचे बहुतेक भूखंड अरुंद आणि खोल. रस्त्याकडे तोंड जेमतेम एका दुकानाचं, आत मात्र लांबच लांब. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक. जुन्या घरात मधे चौक असायचा, त्यातून उजेड-वारा. निर्वासितांना अशी घरं मिळाली ती तुकड्यातुकड्यांनी. १९५४च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने मागे राहिलेली मालमत्ता दाव्यांच्या बदल्यात वाटली गेली, कधी एका हवेलीत अनेक दावेदार. म्हणजे मोठा भूखंड एकत्र करून मोठं हॉटेल बांधायची सोयच नव्हती. वाढायचं तर वर.

वर वाढताना मधला चौक आक्रसत गेला. आधी अंगण, मग उजेडाची विहीर, मग नळ नेण्याचा बोळ. चौकाभोवतीच्या खोल्यांना आत उघडणारी खिडकी राहिली, तीच तुम्ही म्हणता ती मोरीतली. तिथले मॅनेजर अशा खोलीला 'इनसाइड रूम' म्हणतात आणि ती स्वस्त देतात. रस्त्याकडच्या एक-दोन खोल्या महाग, पण तिथे रात्रभर हॉर्न. जाणकार प्रवासी मुद्दाम आतली मागतो.

गच्चीवर मात्र चारी बाजूंनी मोकळं. म्हणून उपाहारगृह गच्चीत. सगळ्या मेन बझारची हवा खायची जागा तीच. हे कुणी आखलं नाही, भूखंडाच्या आकाराने भाग पाडलं. लंडनमधे रेल्वे कंपन्यांनी स्वतः स्टेशनाला लागून महालासारखी हॉटेलं बांधली, सेंट पँक्रासचं मिडलंड ग्रँड बघा, १८७३चं. आपल्याकडे रेल्वेने फलाटावर रिटायरिंग रूम दिल्या आणि बाकीचं गावावर सोडलं. गावाने ते असं केलं.

दार जुनं नाही हे खरं. भूखंडाची रेघ जुनी आहे.

---

अवघडराव

चौकटसाहेब, लिहिलंय उत्तम. पण आग लागली तर त्या उजेडाच्या विहिरीतून धूर वरपर्यंत जातो, तेव्हा भूखंडाच्या रेघेचं कौतुक करत बसायचं का? अरुंद जिना एकच, आणि तोही गाद्या-चादरींनी अर्धा भरलेला. याला मी वारसा म्हणणार नाही. याला मी नशीब म्हणेन, अजून वाचलोय म्हणून.

---

चौकट

आगीच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. दुसरा जिना असल्याशिवाय परवाना मिळू नये. गल्लीत बंब शिरत नाही, हीही वस्तुस्थिती.

---

विट्याचा_भाचा

आमच्या खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी देशभर पसरलेली, दिल्लीतही आहेत. सोनं-चांदी गाळायचा धंदा. गावाकडून नवीन पोरगं कामाला यायचं तेव्हा त्याला चिठ्ठीत एवढंच लिहिलेलं असायचं: स्टेशनवर कुणाशी बोलू नको, सामान हातचं सोडू नको, अमुक लॉजवर जा, मामा सकाळी येईल. लॉजचा मालक पंजाबी, पण आमच्या लोकांना ओळखायचा. पैसे नसले तरी पोराला खाट मिळायची, मामा सकाळी येऊन द्यायचा. मुंबईला अशी सोय होती ती गाववाल्यांच्या खोलीत, दिल्लीला ती लॉजवर.

नंतर गोवा एक्स्प्रेस थेट सांगलीवरून जाणारी झाली, पण ती हजरत निजामुद्दीनला नेऊन सोडते. तेव्हापासून पहाडगंजशी संबंध कमी झाला. मामांची पिढी अजून दिल्ली म्हटलं की पहाडगंजच म्हणते.

---

एकटीच_निघाले

मी बाईच्या बाजूने लिहिते, कारण धागा पुरुषांनी भरत चाललाय (ताई सोडून).

पहाडगंज एकटीला अवघड आहे, पण अशक्य नाही. खरा त्रास लॉजमधे कमी, स्टेशन ते लॉज या पाच मिनिटांत जास्त. तिथला ठरलेला डाव असा: चांगल्या कपड्यांतला माणूस येऊन म्हणतो, "मॅडम, तुमचं तिकीट कन्फर्म नाही, ऑफिस जळालं, कनॉट प्लेसला हलवलंय." किंवा "तुमच्या हॉटेलच्या बाजूला दंगा झालाय, रस्ता बंद आहे." मग रिक्षात घालून कुठल्यातरी ट्रॅव्हल एजंटकडे, आणि तिथून काश्मीरचं महागडं पॅकेज गळ्यात. परदेशी मुली याला फार बळी पडतात. खरं परदेशी प्रवाशांचं तिकीट कार्यालय स्टेशनच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे, ते कुठे हललेलं नाही.

एका स्वीडिश मुलीला मी अशा माणसाच्या तावडीतून हाताला धरून जिन्याने वर नेलं होतं. तो माणूस माझ्यावरच ओरडला की तुम्ही आमच्या पोटावर पाय देता.

आणि रिक्षावाल्यांचं कमिशन हा सगळ्या भागाचा कणा आहे. तुम्ही ठरवलेलं हॉटेल 'बंद' असतं कारण ते कमिशन देत नाही. चालत जा. खरंच चालत जाण्याएवढंच अंतर आहे.

---

अवघडराव

+१. आयुष्यात पहिल्यांदा या धाग्यावर कुणाशी पूर्ण सहमत.

---

जुनापुराणा

हिप्पींचा अध्याय कुणी उघडला नाही म्हणून लिहितो. सत्तरच्या दशकात मी दिल्लीत नोकरीला होतो.

गोरी पोरं यायची ती जमिनीच्या रस्त्याने. लंडन, इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, अमृतसर, दिल्ली. आधी त्यांचा तळ जुन्या दिल्लीत असायचा, फतेहपुरीकडे. मग हळूहळू पहाडगंज. कारण साधं आहे. कनॉट प्लेस चालत दहा-पंधरा मिनिटांवर, तिथे बँका, विमान कंपन्यांची ऑफिसं, पत्र घ्यायला पोस्ट. आणि राहायला पहाडगंज, कनॉट प्लेसच्या एका जेवणाच्या पैशात खोली. श्रीमंत शहराच्या शिवेवर स्वस्त वस्ती, हे जगात सगळीकडे चालतं.

१९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेर रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि तो रस्ता मिटला. आम्हाला वाटलं आता पहाडगंज बसलं. पण तोवर खोल्या तयार होत्या, मालकांना मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं आणि गाईडबुकांत नावं छापली जाऊ लागली होती. पोरं विमानाने यायला लागली.

मग आले रशियन. १९९१ नंतर. पाठीवर बोचकी, चामड्याची जाकिटं आणि कपडे डझनांनी विकत घेऊन मॉस्कोला नेऊन विकणारे. दुकानांवर रशियन पाट्या लागल्या. १९९२ साली इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध झाले आणि सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून इस्रायली पोरं झुंडीने यायला लागली. पाट्या हिब्रू झाल्या. मेनूकार्डावर शकशुका आलं. दुकानदार तोच, त्याचा बाप मियांवालीचा, आणि तो हिब्रूत भावाची घासाघीस करतोय. मी ऐकलंय कानांनी.

---

पायवाट

जुनापुराणा काका, दंडवत. ही पाट्यांची साखळी माझ्या डोक्यातच नव्हती. दुकानदारांनी गिऱ्हाइकाची भाषा पटकन उचलली याचं कारणही मला तेच दिसतं: एकदा गाव सोडून नव्या गावात, नव्या भाषेत जगणं उभं केलेल्या घरांतली ही मुलं.

---

रूळजोड

काका, तुमच्या प्रतिसादातूनच माझा मुद्दा सिद्ध होतो. हिप्पी गेले, रशियन गेले, इस्रायली येऊन-जाऊन. प्रत्येक वेळी लॉज टिकले ते कशावर? बिहारहून एम्समधे दाखवायला आलेला पेशंट, कोर्टाच्या तारखेला आलेला भोपाळचा माणूस, सदर बाजारात माल भरायला आलेला व्यापारी, मुलाखतीला आलेलं पोर. यातले सगळे रेल्वेने आले. परदेशी म्हणजे वरची साय.

आणि एक बारकी गोष्ट. पहाडगंजातल्या कितीतरी लॉजांवर चोवीस तासांचा चेक-आउट असतो. पहाटे चारला उतरलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत खोली तुमची. विमानतळाजवळच्या हॉटेलात हे चालत नाही, तिथे दुपारी बारा म्हणजे बारा. पहाडगंजचं घड्याळ रेल्वेच्या वेळापत्रकावर चालतं, कारण गाडी कधीही येते आणि गाडी कितीही उशिरा येते. काही तासांसाठी फक्त अंघोळीपुरती खोली देणारेही आहेत. हा धंदा स्टेशनच्या दारातच चालू शकतो.

---

खादाड_क्रमांक_एक

दोन पानं झाली आणि छोले भटुऱ्यांचं नाव नाही? चूना मंडीत सीताराम दिवानचंद. मुलतानी ढांडात मुलतानी लोकांच्या गाड्या. पनीर घातलेले भटुरे, वर आवळ्याचं लोणचं. फाळणीचा पुरावा हवा असेल तर तो ताटात आहे, कायद्याची कलमं कशाला काढता.

आणि शीला थिएटर! १९६१ साली सुरू झालेलं, देशातला पहिला ७० मिमीचा पडदा. रात्रीची गाडी असली की लोक सामान क्लोकरूमला टाकून शीलात जाऊन बसायचे. २०१७ साली बंद झालं.

---

सासर_दिल्ली

खादाड, भटुरे सकाळी खायचे, संध्याकाळी नाही.

एक वेगळी आठवण. २९ ऑक्टोबर २००५, दिवाळीच्या तोंडावरची संध्याकाळ. मेन बझारमधे स्फोट झाला, मग सरोजिनी नगरला, गोविंदपुरीला. तिन्ही ठिकाणी मिळून साठाहून जास्त माणसं गेली. आमच्याकडे फराळाचं चाललं होतं. छे तूटी चौकाकडून धावत येणारे लोक आधी म्हणाले सिलिंडर फुटला. त्या रात्री जवळच्या लॉजवाल्यांनी चादरी आणून दिल्या, जखमींना गुंडाळायला. तो बाजार पुन्हा उघडायला मला वाटलं महिने लागतील. तसं झालं नाही. दिवाळीला पणत्या होत्या.

---

विट्याचा_भाचा

🙏

---

नकाशेवाली

आत्ताचं बोलायचं तर पहाडगंजचं खरं भांडण आता विमानतळाशी आहे, असं मला वाटतं. २०११ साली एअरपोर्ट मेट्रो सुरू झाली. वीसेक मिनिटांत विमानतळावरून नवी दिल्ली स्टेशन. पहाडगंजवाल्यांना वाटलं असेल, आता परदेशी गिऱ्हाईक थेट दारात. पण ते मेट्रो स्टेशन आहे अजमेरी गेटच्या बाजूला! बाहेर आलेल्या माणसाला पहाडगंज गाठायला सगळे फलाट ओलांडून, बॅगा ओढत पुलावरून यायचं. त्यापेक्षा विमानतळाजवळच्या महिपालपूर किंवा एअरोसिटीला राहिलेलं काय वाईट? एक रात्रीचं गिऱ्हाईक तिकडे गेलं.

पश्चिमेच्या टोकाला रामकृष्ण आश्रम मार्गाचं मेट्रो स्टेशन आहे, त्यामुळे त्या टोकाकडचे लॉज बरे चालतात असं मला फिरताना जाणवलं. म्हणजे शंभर वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न: दार कुठल्या बाजूला?

---

रूळजोड

अगदी! आणि आता नवी दिल्ली, अहमदाबाद आणि सीएसएमटी या तीन स्टेशनांच्या पुनर्विकासाला सप्टेंबर २०२२ मधे केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे, मिळून सुमारे दहा हजार कोटी रुपये. स्टेशनवरच दुकानं, खाणं, बसायच्या जागा. तसं झालं तर गाड्यांच्या मधले चार तास घालवायला बाहेर कोण पडणार?

---

अवघडराव

मी. कारण आतल्या चहाचे पैसे मला परवडणार नाहीत.

---

चौकट

पुनर्विकासाबद्दल माझी भीती वेगळी. स्टेशनच्या आसपासच्या जमिनीचे भाव चढले की अरुंद भूखंड एकत्र करणारा कुणीतरी येतो. आजवर जे वाटणीच्या गुंत्यामुळे जमलं नाही ते पैशाच्या जोरावर जमेल. मग दहा लॉजांच्या जागी एक मोठं हॉटेल. आगीच्या दृष्टीने सुरक्षित असेल, दोन जिने असतील, अवघडराव खूश होतील. पण साताठशे रुपयांची खोली मात्र जाईल, आणि एम्सला आलेला तो पेशंट स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर येईल. माझ्या मते जपायची असेल तर ती खोली जपावी, दर्शनी भाग नव्हे. जिने वाढवा, तारांचा गुंता काढा, पण स्वस्त खोल्यांची संख्या घटू देऊ नका. हे नियमात बसवणं अवघड आहे, अशक्य नाही.

---

पायवाट

@चौकट, हे मला पटलं. 'ऐतिहासिक' या शब्दावरून अवघडरावांनी घेरलं तेव्हा माझ्या मनात हेच होतं, मांडता येत नव्हतं. १९५६ साली याच शहरात युनेस्कोच्या परिषदेसाठी अशोक हॉटेल बांधलं गेलं. सरकारी पैसा, मोठा भूखंड, जगाला दाखवायची वास्तू. त्याच वर्षी पहाडगंजकडे तोंड केलेली स्टेशनची इमारत झाली. अशोकचा इतिहास लिहिला जातो. त्या मुलतानच्या बाईंच्या दोन खोल्यांचा कोण लिहिणार?

---

अवघडराव

तुम्ही लिहा. ताईंकडून पत्ता घ्या, त्या बाईंच्या नातवाला भेटा, जुन्या नोंदवह्या पडलेल्या असतील तर बघा. प्रत्येक लॉजला येणाऱ्याचं नाव, गाव, कुठून आला, कुठे जाणार हे लिहून ठेवावं लागतं. परदेशी असेल तर वेगळा फॉर्म. १८६७च्या सराय कायद्यापासून या देशात सरकारला कोण कुठे झोपलाय याची चिंता आहे. वाळवीने खाल्ल्या नसतील तर चांगली सामग्री निघेल. तशी निघाली तर 'वारसा' म्हणायला माझी हरकत नाही.

---

सासर_दिल्ली

नातू भेटेल. पण तो वह्या दाखवेल का ते सांगता येत नाही, पोलिसांच्या भानगडीला सगळे घाबरतात. माझ्याबरोबर आलात तर चहा तरी नक्की मिळेल. व्यक्तिगत निरोप करा.

---

नवा_गडी

नमस्कार. वाचनमात्र होतो, आज पहिला प्रतिसाद. पुढच्या महिन्यात आईला घेऊन एम्सला यायचं आहे. झेलमचं तिकीट आहे. आईला जिना चढवत नाही. पहाडगंजात राहावं की एम्सजवळ बघावं? बजेट हजारपर्यंत.

---

एकटीच_निघाले

@नवा_गडी, आधी एम्सजवळच्या धर्मशाळांत विचारा, रोजची ये-जा वाचेल. तिथे जागा नाही मिळाली तर पहाडगंज. फोनवर तीन गोष्टी विचारायच्या: लिफ्ट चालू आहे का (आहे का नाही, चालू आहे का), तळमजल्यावर खोली आहे का, चेक-आउट चोवीस तासांचा का. मेन बझारऐवजी आराकशां रोड बघा, तिथे रिक्षा दारापर्यंत येते.

---

सासर_दिल्ली

आणि बृहन्महाराष्ट्र भवनातही फोन करून ठेवा, आधीच. आईंना तिखट कमी चालत असेल तर सांगा, दिल्लीतलं जेवण त्यांना जड जाईल. गाडी किती वाजता पोचते तुमची?